मूळ नक्शा

त्या एका परदेशी कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या. बनारसला माझ्या पेढीवर आल्या की लोडाला टेकत नाहीत आणि कागद वाचून होईपर्यंत चहाला हात लावत नाहीत.

त्यांच्या कंपनीने माझ्या शालूवरची बुट्टी मला न विचारता पडद्यांवर छापली. यंदा त्या आल्या तेव्हा मी भडकलोच.

"मॅडम, चोरी पचवायला आलात?" म्हणत मी त्या बुट्टीचा स्वतः कागदावर आखलेला जुना नक्शा त्यांच्यापुढे आपटला.

त्यांनी तो नीट घडी घालून परत दिला.

"भाऊ, मूळ कागद मला देऊ नका. मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही."

"मग देऊ काय?"

"झेरॉक्स," म्हणाल्या आणि गार चहा पिऊन टाकला.

राग अजून आहे. नक्शा मात्र आता कुलपात असतो.