टॅप आत ठेवून उठू नये

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका जुन्या चेनसॉच्या सिलिंडरला आटे पाडायचं. ते पण अर्धंच झालं. चहा पिऊन झाला होता. मी बाकड्यापाशी उभा, ती समोर प्लास्टिकच्या क्रेटवर बसलेली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात गुण्या. चार-सव्वाचार वाजले असतील. थंडीचे दिवस होते, दुकानात ऊन येत नाही, म्हणून तिनं माझा जुना कंपनीतला स्वेटर घातला होता.

दुकान म्हणजे दापोडीतल्या आमच्या घराची पुढची खोली. कंपनीतून रिटायर झाल्यावर मी तिथं चेनसॉ दुरुस्त करायला लागलो. लाकूड कापायची पेट्रोलची मशीन, साखळी फिरते ती. नव्या मशीनला लोक कंपनीच्या दुकानात जातात. माझ्याकडं येतात त्या जुन्या, ज्यांचे पार्ट मिळत नाहीत, ज्यांना बाकीचे मेकॅनिक भंगारात घाला म्हणतात. ही मशीन कुरुळीच्या एका झाडं तोडणाऱ्याची होती. त्याच्या बापाची. एका अडाणी मेकॅनिकनं प्लग तिरका घालून पान्यानं आवळला, आटे गेले, आणि एक दिवस चालू मशीनमधून प्लग गोळीसारखा उडाला. माणूस थोडक्यात वाचला. तरी मशीन टाकवेना त्याला. म्हणाला, "काका, बापानं हिच्यावर आमाला जगवलं. कायतरी करा."

करायचं असतं ते एवढंच. गेलेल्या आट्यांचं भोक मोठं करायचं, त्यात टॅपनं नवे आटे पाडायचे, आणि आतून-बाहेरून आटे असलेला एक बुश त्यात बसवायचा. प्लग मग त्या बुशात बसतो. टॅप म्हणजे पोलादाचा जाड स्क्रू समजा, अंगाला उभ्या खाचा असलेला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, म्हणजे चुरा तुटतो. घाई केली की टॅप मोडतो. आणि पहिले चार-पाच फेरे सरळ गेले पाहिजेत. टॅप एकदा धातूत नीट धरला की तो आपली वाट सोडत नाही. सरळ धरला तर सरळ, वाकडा धरला तर शेवटपर्यंत वाकडा.

हे सरळ-वाकडं बघायचं काम तिचं. टॅप फिरवणाऱ्याला स्वतःचा तिरकेपणा दिसत नाही, बाजूनं बघणारा माणूस लागतो. मुलीनं मला डोक्याला बांधायची बॅटरी आणून दिली होती, ती खिळ्याला लटकून आहे. उजेड मिळाला, पण बाजूनं बघणारं कोण?

आणि तिच्यासारखा डोळा मी चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढून पाहिला नाही. भोसरीत एका बोल्टच्या वर्कशॉपमध्ये ती आटे तपासायला होती, एकवीस वर्षं. ढिगातला बोल्ट उचलायची, दोन बोटांत फिरवायची, गेज लावायच्या आधीच बाजूला टाकायची. मुकादम मुद्दाम तिच्या ढिगात वाकडे बोल्ट मिसळायचा, एकही सुटायचा नाही. मी चौथी शिकलो, ती तेवढीपण नाही. पण केसभर वाकडं असलं तरी तिला टोचायचं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा येता-जाता सरळ करायची.

त्या दिवशी पहिला फेरा झाला आणि तिनं गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोनाची पट्टी. "तुमच्याकडं झुकलाय," म्हणाली.

"न्हाई झुकला."

"मी कशाला खोटं बोलू? तुमच्यासारखाच हाय, पोट पुढं काढून उभा."

मी टॅप सरळ केला. परत एक फेरा. "आता बरंय," म्हणाली. मग म्हणाली, "थांबा, गाडी येतीय." मागं रेल्वेची लाईन आहे, गाडी गेली की बाकडं थरथरतं. त्या वेळी टॅप फिरवायचा नाही असा तिचा नियम. मी थांबलो. गाडी गेली. तिनं सिरिंजनं तेलाचे दोन थेंब सोडले आणि म्हणाली, "या सवतीला एवढं तेल, आणि माझ्या गुडघ्याला लावायचं म्हटलं की तुमचे हात दुखतात." प्रत्येक जुन्या मशीनला ती सवतच म्हणायची. मी म्हणालो, सवत कुरकुर करत नाही. ती हसली. तिचं ते शेवटचं हसणं होतं, पण माझं लक्ष टॅपवर. मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

अजून दोन फेरे मारले की टॅप धरणार होता. ती म्हणाली, "मी जरा आत जाऊन बसू का? जीव घाबरा होतोय. पाठीत भरून आल्यासारखं झालंय."

सकाळपासून पाठ-पाठ करत होती. गॅस झाला असेल म्हणून मीच ओवा दिला होता. मी मान वर न करता बोललो ते असं: "दोन फेरे राहिलेत. तेवढ्यानं काय मरत न्हाईस तू. धर बॅटरी."

माझं तोंड असलंच आहे. सगळ्यांना माहीत आहे, तिलाही माहीत होतं. लग्न झाल्यापासून हजार वेळा असलं बोललो असेन आणि हजार वेळा तिनं उलटून चांगलं सुनावलं असेल. त्या दिवशी सुनावलं नाही. बॅटरी धरली.

मी दोन फेरे मारले. अर्धा पुढं, पाव मागं. टॅप धरला. "बघ, सरळ हाय का?" मी विचारलं.

"हं," म्हणाली.

बॅटरी तिनं चालूच बाकड्यावर ठेवली, गुण्या ठेवला, आणि उठून आत गेली. मी कपाळ पुसत होतो तेवढ्यात आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. गेलो तर ओट्याला पाठ लावून खाली बसलेली. थंडीत स्वेटर घामानं ओला. डोळे उघडे, पण माझ्याकडं नव्हते. शेजारच्या पोरानं रिक्षा काढली. कासारवाडीपर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड होतं, पुढं नुसतंच जड झालं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच गेल्या होत्या.

मुलगी संत तुकाराम नगरला राहते, ती आणि जावई थेट दवाखान्यात आले. बायकोचा भाऊ गावाकडून निघाला होता, तो सकाळी पोचणार, म्हणून तिला रात्रभर दवाखान्यातच ठेवलं. सकाळी नऊला घरी आणायची असं ठरलं.

त्या मशीनचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, लोक विचारतात. ती मशीन माझ्याकडंच आहे. कुरुळीचा तो माणूस दोनदा येऊन गेला. मी त्याला सांगितलं, तुझा सिलिंडर माझ्या हातून खराब झाला. तो म्हणाला, "काका, तेच भोक अजून मोठं करून मोठा बुश बसवा, तुमाला काय अवघड हाय?" अवघड नाही. अजून एक साईज मोठा टॅप डब्यात आहे. पण बाजूनं बघायला कोण नाही, असं मी त्याला म्हणालो. त्याला वाटलं म्हातारा सबबी सांगतोय. एक जुना सिलिंडर भंगारातून शोधून देईन म्हणालो आहे.

आता सकाळचं. घरात चार बायका बसल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती, चहा शेजारून आला होता, तो तसाच निवला. मला बसवेना. कारण सांगितलं तर लोक हसतील. टॅप आतच राहिला होता.

आमचा दोघांचा एक नियम होता, टॅप आत ठेवून उठायचं नाही. दुकान नवीन असताना एकदा मी तसाच ठेवून झोपलो होतो. पावसाळा होता. सकाळी टॅप गंजून अडकून बसला, फिरवायला गेलो तर आतच मोडला. तीन दिवस खिळ्यानं कण-कण उकरत बसलो, आणि ती बॅटरी धरून माझ्या शिव्या ऐकत बसली. तेव्हापासून जेवायला हाक मारायच्या आधी ती विचारायची, "टॅप निघाला का?" पाहुणे येऊ देत, नाहीतर कोणी आजारी असू दे, आधी टॅप काढायचा, मग उठायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ती तशीच उठली होती. आणि मी पण.

मी पुढच्या खोलीत आलो. बॅटरी रात्रभर चालू राहून विझली होती, मधे नुसता लाल ठिपका. शटर अर्धं वर केलं, बाहेरचा उजेड घेतला. टॅपच्या हँडलला हात घातला तेवढ्यात शेजारची वहिनी दारात आली.

"अहो भाऊ! घरात माणूस गेलंय आणि हत्यार काय घेता हातात? सुतकात लोखंडाला शिवत न्हाईत."

"सिलिंडर ॲल्युमिनियमचा हाय, वहिनी."

"आणि हातात हाय ते?"

मी हँडल सोडलं नाही. ती पदरानं डोळे पुसत आत गेली.

फिरवायच्या आधी सवयीनं मी गुण्या उचलला. तिनं ठेवला होता तिथंच होता. टॅपला लावला. पट्टी आणि टॅप यांच्यामधून उजेड दिसला. केसभर नाही, नखाएवढा. मी दुसऱ्या बाजूनं लावला. तिथंही तसाच. टॅप उजवीकडं कलला होता. असा वाकडा टॅप शेजारच्या वहिनीलासुद्धा दिसला असता.

आधी मी गाडीवर ढकललं. गाडीनं बाकडं हललं असेल. पण गाडी येऊन गेली ती आधी, आणि तेव्हा आम्ही थांबलो होतो, तिनंच थांबवलं होतं. त्यानंतर तिनं गुण्या लावून "आता बरंय" म्हटलं होतं. वाकडेपणा आला तो नंतरच्या दोन फेऱ्यांत. मी मागं फिरवायला लागलो. कच्चकन आवाज झाला, मग सुटला. पाव फेरा, पाव फेरा. बाहेर आला तसा चुरा हातावर सांडला. भोकात बघितलं. वरचे आटे सरळ होते, खाली दोन आटे तिरके.

म्हणजे त्या दोन फेऱ्यांत तिला टॅप दिसतच नव्हता. बॅटरी हातात होती, तोंड माझ्याकडं होतं, पण तिला काहीच दिसत नव्हतं. मी विचारलं सरळ हाय का, तर जे तोंडातून निघालं ते निघालं. एकवीस वर्षं हजारो बोल्टांतला एक वाकडा न सोडलेली बाई, नखाएवढं वाकडं समोर असताना "हं" म्हणाली, आणि मी ते खरं धरलं. मान वर केली असती तरी कळलं असतं. दोन फेरे आधी निघालो असतो तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायचं धाडस अजून झालं नाही.

मुलगी मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. रडून आवाज बसला होता तिचा. म्हणाली, "अण्णा, आत चला. आईला घेऊन गाडी निघाली दवाखान्यातून." मग माझ्या हाताकडं बघितलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, आईला काही कळलंच नसेल. एका झटक्यात झालं."

माझ्या हातात टॅप होता. भोकातले ते दोन तिरके आटे मी तिला दाखवू शकलो असतो. जन्मभर मी लोकांच्या तोंडावर खरं ते बोललो, सासऱ्याला, साहेबाला, हिच्या आईला तर रोजच. पोरीचं तोंड बघितलं आणि म्हणालो, "व्हय. एका झटक्यात."

ती आत गेली. मी फडक्यानं टॅप पुसला, तेलाचं बोट फिरवलं, डब्यात त्याच्या खाचेत ठेवला. चुरा गोळा केला. मग बायको बसायची तो क्रेट उचलला आणि बाकड्याखाली सारला. घरात जायला दुकानातूनच वाट आहे, आणि चौघांना तिला घेऊन आत यायला जागा लागणार होती.