कावळ्यापुढे दिलेला शब्द

सत्कारात लोक विचारतात, एवढी जिद्द आणली कुठून? मी काहीतरी ठोकून देतो. जिद्द माझ्या थोरल्या भावाला होती. दोन हजार सालानंतर कधीतरी त्याच्या डोक्यात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन शिरली. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एकाच दिवसात. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात पहाटे फुलं तोडायची, बाजारात पोचवायची आणि मग हा मला ओढत गंगापूर धरणावर पोहायला न्यायचा. रविवारी आग्रा रोडने चांदवडपर्यंत सायकल. मी कुरकुरत जायचो. वहिनी म्हणायची, "एक रविवार पोरीला फिरवून आणा." तो "शर्यत होऊ दे" म्हणून सटकायचा.

अशाच एका रविवारी चांदवडजवळ कांद्याचा ट्रॅक्टर एकदम आडवा वळला. भाऊ माझ्या पुढे होता. जागीच गेला. पुन्हा सायकलला हात लावायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं.

दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड ठेवून आम्ही उभे राहिलो. कावळे भिंतीवर बसून होते, एकही शिवेना. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय हे ओळखून घरच्यांनी अशा वेळी मोठ्याने शब्द द्यायचा असतो. वडील म्हणाले, "मळा विकणार नाय." आई म्हणाली, "सुनेला लेकीवानी सांभाळीन." काका म्हणाले, "तुझ्या पोरीला लय शिकवू, तिची काळजी करू नको." कावळे ढिम्म. पोरगी उन्हाने रडकुंडीला आली. तेव्हा मागे बसलेली वहिनी उठली आणि म्हणाली, "तुमची ती शर्यत भाऊजी पुरी करतील."

एक कावळा उतरला आणि त्याने चोच लावली. सगळ्यांनी हात जोडले, पोरीला सावलीत नेलं. मला कोणी काही विचारलं नाही.

सायकलच्या नावाने बोटं मोडणारे वडील आता पहाटे माझं पांघरूण ओढायचे. एकदा मी तापाचं सांगून पडून राहिलो. ते उशाशी उभे राहून म्हणाले, "ऊठ. त्याला शब्द दिलाय." आई डबा हातात द्यायची, पण मी फाटकाबाहेर पडेपर्यंत माझ्याकडे बघायची नाही. चांदवडच्या त्या वळणावर दर वेळी उतरून सायकल हाताने ढकलत न्यायचो. पोहताना मी भावाला मनातल्या मनात शिव्या घालायचो. मला त्याचा राग होता, आणि तो मेलेला असल्यामुळे राग काढायलाही जागा नव्हती. तरी जात राहिलो. आपल्यापायी त्याचा जीव पुन्हा अडकेल, याची भीती वाटायची.

शर्यत मी पुरी केली. अंधार पडल्यावर, जवळजवळ सगळ्यांच्या मागून.

घरी आल्यावर पदक घेऊन वहिनीकडे गेलो. ती ओटीवर झेंडूचे हार ओवत बसली होती. "वहिनी, झालं. सुटला तो," मी म्हणालो.

तिने पदक हातात घेतलं नाही. "मला ठाऊक होतं, पिंडापाशी येतील तर शर्यतीच्याच नावाला," ती म्हणाली. मग हाराला गाठ मारून तिने दोरा तोडला. "पोरीचं नाव घेतलं तेव्हा नाही आले."