निंबाखालची जागा

हिवाळ्यात कुठेही कपाशीच्या काड्या पेटल्या, की त्या धुरात मला हाड मोडल्याचा आवाज ऐकू येतो. जळगावला आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये हिरवं म्हणावं असं एकच झाड होतं, निंबाचं. बायको गेल्यापासून शेजारचे आबा दिवसभर त्याच्याखाली बसायचे. "घरमा जीव लागस नही," म्हणायचे. त्या संध्याकाळी तिथे कॉलनीची भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी आबा लाकडी बडगीत मुसळीने ठेचत होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या घरचा टेम्पोवाला लाकूड कापायचं मशीन घेऊन आला; त्याला टेम्पो उभा करायला ती जागा हवी होती. "झाडले हात लावू नको, हात तोडी टाकसू!" आबा ओरडले. तो हसला, त्याने मशीन सुरू केलं आणि सालीचा भुगा उडाला. आबा उठले आणि भरिताने माखलेली ती मुसळी त्यांनी त्याच्या मनगटावर हाणली. कडाड्! मशीन पडलं, तो पडला, किंचाळला, तरी आबा हाणतच होते, खांद्यावर, पाठीवर, आम्ही मागून ओढेपर्यंत. भरितात रक्ताचे शिंतोडे पडले होते. पोलीस आबांना घेऊन गेले, आणि त्या रात्री कुणीच जेवलं नाही. निंब राहिला, आबा आता नाहीत. हल्ली त्यांच्या जागी तोच टेम्पोवाला रोज बसतो, वाकडं मनगट मांडीवर ठेवून. परवा मी न राहवून विचारलं, "तू इथे कसा रे?" वर न बघता तो म्हणाला, "काय करू भाऊ, घरमा जीव लागस नही."