पोपच्या काठीवरची काजळी

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात राजेश आणि नीलांबरी मोघ्यांकडे चहाला गेलात, तर कप हातातून खाली ठेवू नका. ठेवलात की गेला. तुम्ही राजेशला "बाकी काय?" विचारेपर्यंत तो धुऊन, पुसून, कपाटात उपडा झालेला असतो. त्यात तुमचा अर्धा चहा होता, हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

नीलांबरीवहिनी नागपूरच्या. तिथे शाळेत इतिहास शिकवायच्या. राजेशच्या मागोमाग इकडे आल्या आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला पगार घेऊन काम करता येत नाही, हे त्यांना विमानतळावरून घरी येताना गाडीत कळलं. मग वर्गातल्या पोरांवर खर्च व्हायची ती सगळी ताकद घरातल्या भांड्यांवर खर्च होऊ लागली. माझी बायको वीणा म्हणायची, "त्यांच्या कढईत बघून मी टिकली लावते." मिनेसोटातला हिवाळा तर काय, सहा महिने चालतो. घासण्यासारखं घरात काही उरलं नाही की वहिनी खिडकीतून बाहेरच्या बर्फाकडे असं बघायच्या, की तोसुद्धा नीट झाडून काढायला हवा.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये जुने पोप वारले आणि टीव्हीवर दिवसचे दिवस रोमच दाखवत राहिले. मधेमधे फार जुन्या समारंभांच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मही लागायच्या. वहिनी सोफ्यावरून हलल्या नाहीत. त्या चार-पाच दिवसांत मोघ्यांकडे आम्ही पूर्ण चहा प्यायलो.

"अहो भाऊजी, या ना इकडे! पालखी आहे हो यांच्याकडे!" त्यांनी मला हाक मारली.

खरंच होती. पोप खुर्चीत बसलेले, खुर्ची बारा माणसांच्या खांद्यांवर, आणि दोन्ही बाजूंना शहामृगाच्या पिसांचे पुरुषभर उंचीचे पंखे.

"मोरचेलं आली, पालखी आली," वहिनी बोटांवर मोजत म्हणाल्या. "चोपदार तेवढे राहिले."

"ते चट्टेरीपट्टेरी विजारीवाले कोण मग?" राजेश म्हणाला.

"बाप्पा! म्हणजे सगळंच आहे की."

महिन्याभरात वहिनींनी शोध लावला, की घरापासून दहा मिनिटांवरच्या एका चर्चच्या तळघरात पोपच्या समारंभातल्या अशा वस्तूंचं छोटंसं संग्रहालय आहे. दोन खोल्या, एक म्हातारे फादर क्लेमेंट आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणाऱ्या डोरोथीबाई. डोरोथीबाईंचं वय सत्तरच्या पुढे आणि विश्वास कुणावरही नाही. वहिनी तिथे फुकट काम करायला लागल्या. तिथल्या बहुतेक वस्तू नकला होत्या, पाद्री होऊ घातलेल्या पोरांना शिकवण्यासाठी कुणीतरी कधीतरी करवून घेतलेल्या. पण वहिनींना ते बिलकूल आड आलं नाही. शाळेच्या सहली आल्या, की त्या डोरोथीबाईंच्या मागे उभ्या राहून मधेच तोंड घालायच्या. मोठ्या पूजेत पोप द्राक्षारस पेल्याला ओठ लावून पीत नसत, सोन्याच्या नळीने पीत, हे डोरोथीबाई कॅटलॉगसारखं सांगायच्या. मागून वहिनी म्हणायच्या, "शहाळ्याचं पाणी पितात ना, तसं!" शहाळं म्हणजे काय ते मुलांना ठाऊक नसायचं. मग शहाळ्यावर दहा मिनिटं. प्रसादाच्या रोटीवर ठेवायची ताऱ्याच्या आकाराची सोनेरी झाकणी यायची, की वहिनी नैवेद्यावर झाकण का घालतात तिथपर्यंत पोचलेल्या असायच्या. मुलं खूश. डोरोथीबाईंचे ओठ शिवल्यासारखे.

पण वहिनींचा चेहरा बदलला होता. त्या पुन्हा बाई झाल्या होत्या, शाळेतल्या अर्थाने.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात डोरोथीबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि किल्ल्या वहिनींकडे आल्या. फादरांनी सांगितलं, "नीला, रविवारी शहरातल्या मोठ्या म्युझियमच्या बाई येणार आहेत. त्यांना तू एकटीने सगळं दाखवायचं. जमलं तर पुढेही तूच."

त्या आनंदात वहिनी शनिवारी सकाळीच तळघरात गेल्या. राजेश ऑफिसच्या कामाला डॅलसला गेलेला, म्हणून सोडायला-आणायला मी. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दिवाळी आठवड्यावर आली होती. दिवाळीच्या आधी आपल्या बाईच्या हाताला काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी दुपारी आणायला गेलो, तर संग्रहालयाच्या सिंकपाशी चिंचेचा कोळ, मीठ आणि बाह्या वर केलेल्या वहिनी. कपाटातल्या एका लांब काठीच्या टोकाची चांदीची वाटी त्यांनी फिरवून काढली होती आणि ती आता आरशासारखी लखलखत होती.

"काय काळीकुट्ट झाली होती हो, आतून!" त्या म्हणाल्या. "कुणी हात लावून नाही राहिलं वर्षानुवर्षं."

"वा!" मी म्हणालो. मी कोणत्याही स्वच्छ भांड्याला वा म्हणतो.

तेवढ्यात जिन्यावर फादर क्लेमेंटची काठी वाजली. वहिनींनी वाटी पदराआड घ्यावी तशी ओढणीआड घेतली, का ते त्यांनाही कळलं नसावं. फादर अर्ध्या जिन्यावरच थांबले. गुडघे दुखतात त्यांचे.

"नीला, कपाटातली ती काठी उद्या शेवटी दाखव. तीच बघायला येतायत त्या, खरी वाटली तर त्यांच्या म्युझियममध्ये नेणार आहेत." मग तिथेच कठड्याला टेकून ते सांगत बसले. नवे पोप गादीवर बसायला निघाले, की त्यांच्यापुढे एक माणूस ही काठी घेऊन चाले. टोकाच्या वाटीत जवसाच्या झाडाचे धागे ठेवून पेटवायचे. भप्पकन जाळ, की संपलं. आणि तो माणूस पोपांना म्हणायचा, पवित्र पिता, जगातलं वैभव असंच जातं. मिरवणुकीत तीनदा. "इथल्या बाकी सगळ्या नकला. ही तेवढी खरी, असं माझे गुरू मला सांगून गेले. ते रोमला शिकायला होते. कागद एकही नाही. पुरावा एकच, वाटीतली काजळी. तिला मी आजवर बोट लावलेलं नाही."

फादर वर गेले. वहिनी खुर्चीवर बसल्या. अमेरिकेत आल्यापासून बसलेल्या अशा मी त्यांना दुसऱ्यांदाच पाहत होतो.

"भाऊजी, गेलं माझं सगळं," त्या म्हणाल्या. "डोरोथी मला दारातसुद्धा उभं करणार नाही. पुन्हा घर, पुन्हा कढया."

वहिनींनी राजेशला फोन लावला. तो सॉफ्टवेअरवाला. काहीही उडालं तरी ते परत आणता येतं, अशी त्याची श्रद्धा. "काजळीच ना?" तो म्हणाला. "नागपूरला ताईच्या बाळासाठी काजळ कोण धरायचं? तूच ना? मग रिस्टोअर कर ना यार!"

संध्याकाळी मोघ्यांच्या ओट्यावर तुपाचं निरांजन लागलं आणि त्यावर पोपची वाटी उपडी झाली. काय काजळ धरलं होतं, सांगतो! काळंभोर, मखमलीसारखं, कुठे दाट, कुठे विरळ. खऱ्या काजळीलासुद्धा न्यूनगंड यावा. वाटीला साजूक तुपाचा मंद वास येत होता, पण तो ओळखणारं नाक मिनेसोटाच्या चर्चमध्ये कुठलं असणार?

रविवारी मीही गेलो. म्युझियमच्या बाई आल्या, फादर नवा कोट घालून आले, आणि न सांगता डोरोथीबाईही आल्या, चार पायांचा वॉकर ढकलत. ऑपरेशन पुढच्या मंगळवारवर गेलं होतं. वहिनींनी पंखे दाखवले, नळी दाखवली, झाकणी दाखवली. शहाळं अर्थातच निघालं. म्युझियमच्या बाई मनापासून हसल्या. डोरोथीबाईंचे ओठही एका टोकाला उसवले.

मग काठी. वहिनींनी ती दोन्ही हातांत धरली आणि जाळाची गोष्ट सांगितली. "आणि तो म्हणायचा, पवित्र पिता, जगातलं वैभव असंच जातं."

म्युझियमच्या बाई वाटीवर वाकल्या. "आणि ही त्या जाळाची काजळी?"

आता वैभव जाण्याचं ते वाक्य नुकतंच स्वतःच्या तोंडून म्हणून झाल्यावर खोटं बोलायला निराळा कोडगेपणा लागतो. तो राजेशकडे असेल, माझ्याकडे तर आहेच. वहिनींकडे निघाला नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही माझ्या घरची. काल संध्याकाळची. खरी होती ती मी चिंचेने घासून काढली."

चिंच म्हणजे काय, हे या वेळी कुणी विचारलं नाही. डोरोथीबाईंनी वॉकर घट्ट धरला. फादर क्लेमेंट जवळ आले, वाटीत बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं. "लोण्यासारखा वास येतोय," ते म्हणाले आणि बाकावर बसले. मग म्युझियमच्या बाईंना म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास दिला. इतकी वर्षं मी लोकांना या काठीचा अर्थ सांगत आलो, आणि माझं एवढंसं वैभव मात्र कपाटात कुलपात ठेवलं होतं."

बाईंनी काठी नेली नाही. वहिनींनी किल्ल्या डोरोथीबाईंच्या हातात दिल्या. त्या आठवड्यात मोघ्यांच्या घरी दिवाळीची भांडी न घासता राहिली. वीणा घाबरून चकल्या घेऊन जाऊन आली.

डोरोथीबाईंचा फोन ऑपरेशननंतर इस्पितळातून आला. "शनिवारी शाळेची पोरं येणार आहेत. मी अशी पडलेली. ते शहाळ्याचं मला सांगता येणार नाही. तुम्ही जाल का?" फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "जाताना आंबट काही नेऊ नका."

आता ती काठी कपाटात नसते. तिच्या खऱ्या-खोट्याची पंचाईतच संपली, म्हणून फादरांनी ती पेटवायची परवानगी दिली. सहल आली, की वहिनी नागपूरहून आलेली एक फुलवात वाटीत ठेवतात. भप्पकन जाळ होतो, पोरं ओरडतात, आणि डोरोथीबाई आग विझवायचं नळकांडं मांडीवर घेऊन बाजूला बसलेल्या असतात. मग वहिनी पोरांना सांगतात, इथे फार जुनी काजळी होती आणि ती कशी गेली. स्वतःचं नाव घेऊन सांगतात.

वाटी आता आतून छान काळी होत चालली आहे. वहिनी तिला हात लावत नाहीत. फारच शिवशिवायला लागले हात, तर परतताना आमच्याकडे उतरतात. काल आल्या होत्या. माझा अर्धा चहा प्यायचाच राहिला.