आंगणातला ट्रक मी मोडला

मी मराठी तिसरी पास. चौथीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी त्यांच्या हातातून ओढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि घरी आलो. परत गेलो नाही. लिहिण्यात चुका असतील तर असोत. ट्रक चालवण्यात माझी चूक काढणारा डिचोली तालुक्यात अजून जन्मला नाही.

खाणीवर माती भरायची आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन बार्जीत, माल वाहणाऱ्या सपाट बोटीत, ओतायची, हे माझं काम. ट्रक माझा स्वतःचा. खाण बंद झाली तेव्हा इतरांनी ट्रक विकले, मोडीत घातले. मी माझा आणून आंगणात फणसाखाली उभा केला, तोंड रस्त्याकडे करून, आणि तसाच राखणदाराकडे गेलो. राखणदार म्हणजे गाव राखणारा देव, गावच्या शिवेवर त्याचा धोंडा आहे. नारळ, रोट, दारूची बाटली, विडी, सगळं रीतीप्रमाणे ठेवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायला जाणता माणूस लागतो. तो देवाशी बोलताना शब्द जपून टाकतो, माणसाला सुटायला वाट ठेवतो. मी म्हटलं, ट्रक माझा, गाऱ्हाणंही मीच घालणार.

"बा म्हाराजा, खाण सुरू होईपर्यंत हा ट्रक माझ्या आंगणातून हलणार नाही. जो ह्याला मोडायला हात लावील, त्याचा हात तू बघून घे."

मागे चार गाववाले उभे होते. ते म्हणाले, "व्हय म्हाराजा." झालं. शब्द देवाला गेला.

मग सामान वाढत गेलं. लोकांनी मोडीत काढलेल्या ट्रकांचे टायर, स्प्रिंगचे पाटे, रेडिएटर मी उचलून आणायचो. खाण सुरू झाल्यावर हे मिळणार कुठे? खाटेखाली गिअरबॉक्स आला. तांदळाच्या डब्यात बोल्ट आले. बाल्कावावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसायला जागा उरली नाही. बायको म्हणायची, "ह्या घरात कोण मेला तर आडवा ठेवायला जागा नाही. उभाच जाळावा लागेल." टायरांत फुरसं निघालं, ते मी पान्याने ठेचलं. पुढच्या पावसात दुसरं निघालं, तेही ठेचलं. टायर होते तिथेच राहिले.

घरातून रस्त्यावर यायला ट्रक आणि दगडी गडगा यांच्यात एका माणसाने अंग चोरून जावं एवढीच वाट होती.

एका शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात खारं सुकट आणायला गेलो. परत आलो तर आंगणात निळा जाळ. मुलाने दोडामार्गचा भंगारवाला बोलावला होता. तो डोळ्यांवर काळा चष्मा लावून गॅस कटरने माझ्या ट्रकाचं मागचं फळकट कापत होता. सुकटाची पिशवी मी तिथेच टाकली आणि चाकाचा पाना उचलला.

"कोणाला विचारून?"

मुलगा मध्ये आला. "बाबा, तो ट्रक आता कधी चलचो ना! कळता तुका?"

"बाजूला हो."

"होणार नाही. काय करशील? माका मारशील?"

मारला. पाना त्याच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला, उठला, आणि त्याने मला गळ्याला धरून ट्रकाच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा. माझा दात तुटला, तो मी त्याच्या शर्टावर थुंकलो. तेवढ्यात सुटलो आणि पाना भंगारवाल्यावर फेकला. त्याच्या कानाला चाटून तो गडग्यावर आदळला, दगड फुटला. भंगारवाला नळी, चष्मा सगळं सोडून धावला. रस्त्यावरून ओरडला, "म्हातारो नाय तो, रेडो आसा!"

मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मुलगा माझ्याशी बोलेना. मीही बोललो नाही. गणपतीची चवथ जवळ आली तरी घर झाडलं नाही, कारण झाडणार कुठे?

अशात एका सकाळी बायकोचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. अँब्युलन्स आली ती रस्त्यावरच थांबली. स्ट्रेचर त्या वाटेने जाईना. तिला कदेलीवर बसवलं, खुर्चीचे पुढचे पाय मुलाने धरले, मागची पाठ मी धरली आणि आडवे होऊन निघालो. भंगारवाल्याने अर्धं कापून सोडलेलं फळकट बाहेर लोंबत होतं. त्यात तिचं लुगडं अडकलं. मुलाने ओढलं, खुर्ची कलंडली, आणि तिचं डोकं मागच्या बंपरवर आपटलं. आवाज आला तो नारळ फुटल्यासारखा. बंपर रक्ताने भरला. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मार. आता कोणाक मारतंस?"

मी खुर्ची सरळ केली. तिला परत तीत बसवलं.

म्हापशाच्या इस्पितळात ती वाचली. श्वास सुधारला, डोकं शिवलं. घरी न्यायला गेलो तर ती मुलीच्या हाताला धरून उभी.

"मी इब्रामपूरला चालले, लेकीकडे."

"चवथीला?"

"चवथ तुम्ही आणि तुमचा ट्रक दोघांनी करा. गणपतीवर बांधायची ती माटोळी त्याच्या टपावर बांधा. तो आंगणात असेपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

"मी शब्द दिलाय राखणदाराला."

"मला कधी दिला होता काय?" एवढं बोलून ती जावयाच्या गाडीत बसली.

माझं लग्न झाल्यापासून तिच्याशिवाय चवथ झालेली नाही. माटोळीला कुठलं फळ कुठे बांधायचं हे घरात तिच्याशिवाय कोणाला येत नाही. ही बाई बोलली ते करते. माझ्याच जातीची आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी राखणदाराकडे गेलो. नारळ ठेवला, बाटली ठेवली.

"शब्द मी दिला, मीच मोडतोय. ट्रकावर पहिला घाव माझा. मुलाला हात लावू नको. बायकोला तर लावूच नको, तिच्याकडून तू आधीच घेतलंस. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे."

मागे कोणी नव्हतं. "व्हय म्हाराजा" मीच म्हटलं.

घरी येऊन घन उचलला. पहिली काच फोडली, पुढची, ज्यातून मी एवढी वर्षं रस्ता बघितला. मग दिवे. मग दार, दार निखळून पडेपर्यंत. स्टिअरिंगवर घातला तेव्हा घन उलटून माझ्याच दंडावर आला, मी परत घातला. शिव्या देत होतो, कोणाला ते आठवत नाही. खाणीला असतील, देवाला असतील. मुलगा बाहेर येऊन बघत राहिला. मग त्याने भंगारवाल्याला फोन केला.

भंगारवाला आला तो फाटकातच थांबला. "काका, आधी पाना खंय आसा तो दाखव."

"फणसावर टांगलाय. तू कापायला लाग."

पाट्यांपाशी त्याला मीच थांबवलं. ट्रकाचे पाटे दाबून बांधलेले असतात, बोल्ट सुटला की उसळतात. हे काम जाणत्याने करावं. मी छिन्नी लावली, घन मारला. बोल्ट तुटला आणि पाटा उसळला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती कुठे उडाली ते नंतर मातीत शोधली, सापडली नाहीत.

भंगारवाल्याने चपला काढून हात जोडले. मुलगा धावत आला, स्वतःचा शर्ट फाडून माझा हात बांधला. रडत होता. "बाबा, त्यान घेतलान."

"घेऊ दे. मी सांगितलं होतं तेवढंच घेतलं. ते खाटेखालचंपण काढ. डब्यातलंपण."

मुलाने इब्रामपूरला फोन करून कळवलं. चवथीच्या आदल्या दिवशी रिक्षा फाटकातून आत शिरली आणि थेट पायरीपाशी थांबली. बायको उतरली. रिकाम्या आंगणाकडे बघितलं, जमिनीवरच्या तेलाच्या काळ्या डागाकडे बघितलं, मग माझ्या बांधलेल्या हाताकडे. हात उचलून तिने पट्टी नाकाशी नेली, जखम चिघळली नाही ना म्हणून वास घेतला आणि हात सोडला.

"बरी वाट झाली," ती म्हणाली. "आता तुम्हाला न्यायचं झालं तरी चौघे सरळ जातील."

"आधी माटोळी बांध," मी म्हटलं. "मग बघू कोण कोणाला नेतो ते."