पाचरीचं तेवढं काढा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

चाकणच्या एका कंपनीत मी अन् मंगल शेजारशेजारच्या प्रेसवर, पत्रा कापायच्या मशीनवर, होतो. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. पण तसं करत बसलं तर टार्गेट होतंय कुठं? म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे ते दाबलेलंच राहतं, अन् एकाच हातानं काम ओढायचं. सगळ्याच करायचो. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा. त्यातच माझी दोन बोटं गेली. पुढं मंगलचं एक गेलं.

माझी दोन, तिचं एक — हो, मी मोजत होते. लाज वाटते, पण मोजत होते.

मग केतकीताई कॅमेरा घेऊन आल्या. बोटं गेलेल्या बायकांवर फिल्म करायची होती. आधी माझ्याच घरी आल्या हो! नवी साडी नेसून मी अख्खी दुपार बोलले. तेवढ्यात मंगल आली, अन् कॅमेरा जो तिच्याकडं वळला तो वळलाच. बया बोलतेच तशी, हसता हसता रडवते. मग काय — मंगल भांडी घासतेय, मंगल वेणी घालतेय, मंगल कंपनीच्या बसची वाट बघतेय. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

फिल्म झाली, तेव्हा मंगल आईच्या आजारपणासाठी लातूरकडं गावी गेलेली. फोन लागत नव्हता. जाताना मला बजावून गेली होती, "माय, कॅमेऱ्यापुढं मी पाचरीचं बोलून बसले गं. तेवढं काढा म्हणावं ताईला. कंपनीला कळलं तर मला घरी बसवतील." कंपनीत तिनं सांगितलं होतं, मशीन आपोआप खाली आलं. म्हणून तर पॅकिंगला ठेवून घेतलं होतं तिला.

केतकीताईंनी लॅपटॉपवर मला फिल्म दाखवली. त्यात मी एकदाच. पाठमोरी. मंगलला चहा देताना.

"मंगलताईंना काही काढायचंय का? त्यांना विचारल्याशिवाय मी कुठं दाखवणार नाही," ताई म्हणाल्या. किती सरळपणे विचारलं होतं बिचारीनं!

मी म्हणाले, "माझं बोलणं झालंय तिच्याशी. जसंच्या तसं राहू द्या म्हणाली."

काय होणार हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

फिल्म चिंचवडला दाखवली. टाळ्या पडल्या. मग तो पाचरीचा तुकडा फोनवरून फिरत फिरत कंपनीत पोचला, अन् मंगलला काढलं. आता ती वाकडला टॉवरमध्ये धुणीभांडी करते. केतकीताईंना शिव्या घालते, त्यांचा फोन उचलत नाही. "तू सांगून बी काढलं न्हाई बघ तिनं," म्हणते. मी मान हलवते.

परवा घरी आली होती. "तुझ्याशिवाय भरवशाचं कोण हाय मला?" म्हणाली अन् रडायला लागली. मी चहा टाकला. तिच्याकडं बघताना — खरं तेच सांगते — मनात आलं, हिला रडणंसुद्धा किती शोभून दिसतं.