आक्काच्या दारावरचं मोठं नाव

आमची आक्का शिवणकाम करते आणि उरल्या वेळात आजाऱ्यांना चाकाची खुर्ची, वॉकर, खाट वापरायला देते. हे काम एका मोठ्या संस्थेशी जोडलेलं. संस्थेचे मोठमोठे दवाखाने. आक्काकडे एक खोली आणि मदतीला आम्ही चार बायका. संस्थेनं बजावलं होतं : तुम्ही स्वतंत्र आहात, नाव तुमचंच लावा, आमचं खाली, बारीक अक्षरांत.

पण ‘पुलापलीकडचा मदतगट’ म्हटलं की लोक विचारायचे, “हे कोण बुवा?” आक्का वैतागली. पेंटरला म्हणाली, “मोठ्यांचंच नाव लिही. आपलं नकोच.”

मी म्हटलं, “अगं, नाव मोठं लक्षण खोटं होईल!”

“तू गप गं!” पाटी लागली आणि बाईसाहेब काय हरखल्या!

एका दुपारी एक बाप धावतच आत शिरला. खांद्यावर लहानगी पोर, दम कोंडलेला, ओठ निळे.

“डॉक्टर कुठायत?”

“इथे डॉक्टर नसतात हो,” आक्का म्हणाली.

“नसतात कसे? पाटी बघून आलोय! जवळचा सरकारी दवाखाना सोडून आलोय!”

आक्का पांढरीफटक. समोरच्या गादीवाल्याच्या टेम्पोत आम्ही सगळे कसेबसे चढलो. वाटभर आक्का पोरीचे तळवे चोळत होती. “श्वास घे गं बाळा, घे ना!” सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी पोरीची घरघर एकदम थांबली. संपलं, असंच वाटलं मला. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

वाचली पोर. पण डॉक्टरीणबाई बापावर कडाडल्या, “इतका वेळ कुठे होतात?”

तो भाबडा माणूस आक्कापुढे हात जोडून म्हणाला, “तुमच्या संस्थेमुळे वाचली हो.” घरी आल्यावर चप्पलही न काढता आक्कानं पाटी उतरवली.

आता दारावर आमचंच नाव आहे आणि खाली ‘येथे डॉक्टर नाहीत’. लोक पुन्हा विचारतात, “हे कोण बुवा?” आक्का चिडत नाही. पण रस्त्यावर कुणाची धावती पावलं ऐकू आली की मशीन सोडून दारात पळते आणि ओरडते, “इथे डॉक्टर नाहीत हो!”

परवा तर बस पकडायला धावणाऱ्या माणसावरच ओरडली. तो हसला. मला नाही हसू आलं.